बुटांचा पिक्चर

दादरच्या भाजीगल्लीत हरभऱ्याचे टहाळ आले की मुंबईला थंडी लागली, असं मी धरते. इथली थंडी तशी नावालाच. पंखा एकावर येतो, वॉचमन कानाला मफलर गुंडाळतो, आणि सकाळी पुलावरून बघितलं तर लांबच्या टॉवरांचे वरचे मजले दिसतच नाहीत. अर्धी इमारत बांधून कुणीतरी जेवायला गेलंय आणि परत आलंच नाही, असं वाटतं. तेवढ्यात एखाद्या बाईच्या पाटीत ते हिरवे टहाळ दिसतात. मी जुडी घेते. घरी नेईपर्यंत दम निघत नाही, चालता चालताच घाटे फोडते. बोटांना आंबट-खारट चव लागते. आमच्याकडं तिला आंब म्हणतात. हरभऱ्याच्या पाल्यावर रात्रीचं दव पडतं आणि सकाळपर्यंत आंबट होऊन बसतं. अनवाणी पायांनी त्या रानातून चाललं की टाचेच्या भेगा चरचरतात.

ती आंब जिभेला लागली की मला आमचं रान आठवायला पाहिजे. आठवतंही. पण त्याच्या आधी डोळ्यासमोर येतात काळे बूट. पुरुषाचे, नाडीचे, एका बंद दाराबाहेर नीट जोडून ठेवलेले. ते बूट मी कधी हातात घेतले नाहीत. ते कोरियातले, आणि तेही पिक्चरमधले. पण त्या एका हिवाळ्यात ते आमच्या पोळी-भाजी केंद्राच्या दारातच पडले होते म्हणा ना. आम्ही सगळ्या त्यांना वळसा घालून आत जायचो.

त्या थंडीत मी मुंबईत नवी होते. हिंगोलीकडची. सातवी झाली आणि शाळा संपली, कारण पुढची शाळा लांबच्या गावाला आणि पोरीला एकटी कोण पाठवणार. मला फार वाईट वाटलं नव्हतं. शाळेत मला प्रश्नांची भीती वाटायची. गुरुजी बोट रोखून विचारायचे, "सांग, पुढं काय झालं असेल?" त्याचं उत्तर गाईडमध्ये असायचं आणि गाईड आमच्या घरात नव्हतं. मग हाताला घाम सुटायचा, वही ओली व्हायची. पुढं लग्न झालं, मोडलं, भावाकडं परत आले. भावाच्या घरात जागा होती, पण ताटावर बसले की ती थोडी थोडी कमी व्हायची. शेवटी मावशीनं तिच्या ओळखीतल्या एका बाईंचा पत्ता दिला आणि मी परळच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, पिशवी छातीशी धरून उभी राहिले.

"आत ये गं," सुशीलाताई म्हणाल्या. "दारात अशी उभी राहिलीस तर लोकांना वाटेल मीटर कापायला आलीय."

साठीच्या बाई. बारीक, काळ्यासावळ्या, हसल्या की डोळे मिटायचे. घरात मुलगा, सून आणि कॉलेजला जाणारी नात श्रावणी. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याभोवती निळ्या दिव्यांची बारीक माळ. सुशीलाताईंनी कपाटाजवळची त्यांची झोपायची जागा मला दिली. "मला आत गुदमरतं," असं म्हणून स्वतःची वाकळ घेऊन त्या बाहेर गॅलरीत गेल्या. मी ते खरं मानलं. घाबरलेल्या माणसाला जे मिळतं ते आधी घट्ट धरायचं असतं. विचार मागून येतो.

मुंबईत माझी भीती माझ्याआधी पोचली होती. फोन वाजला की मी आधी दाराकडं बघायची. कडी लावली तरी उठून परत बघायचं. कुणी मोठ्यानं हाक मारली की आधी वाटायचं, आपलंच काहीतरी चुकलंय.

सुशीलाताईंनीच मला कामाला लावलं. दादरला एका गल्लीत ते पोळी-भाजी केंद्र. मालकिणीला सगळ्या काकू म्हणायच्या. पहाटे शटर अर्धं वर करून आम्ही आत शिरायचो. लालबागची रेश्मा पोळ्या लाटायची. जिभेनं तिखट, घरात मालवणी आणि बाहेर सगळ्या भाषांचा काला. तव्यावर वंदना. ती दिवसात दोनतीन वाक्यं बोलायची आणि ती भाजून झाल्यावरच बाहेर काढायची. कणीक सुशीलाताई मळायच्या, भाजीही त्याच फोडणीला टाकायच्या. मी निवडणं, चिरणं, डबे पुसणं.

तिथं एक पद्धत होती. मी यायच्या कितीतरी आधीपासूनची. जी कणीक मळते ती गोष्ट सांगते. लाटणारीला मोजावं लागतं, तव्यावरचीला डोळा ठेवावा लागतो. मळणारीचे हात आपोआप चालतात, तोंड रिकामं असतं. आणि परात संपली की गोष्ट बंद. कितीही रंगात आली असली तरी बंद, उरलेली उद्या. सुशीलाताई आदल्या दिवशी पाहिलेलं काहीही सांगायच्या. सिरियल, पिक्चर, शेजारच्या चाळीतलं भांडण. त्या वर्षी श्रावणीनं आजीला कोरियाची गोडी लावली होती. मोबाइलवर, हिंदीत बोलणारी ती गोरी-गोरी माणसं. आमच्या पोळीला त्या हिवाळ्यात कोरियाचं तेल लागलं होतं.

"एक बाई असते," सुशीलाताईंनी एका सकाळी सुरुवात केली. "डोंगरात तिचं लॉज असतं. लॉज म्हणजे आपलं हे एवढंसं. बर्फ पडतंय. एक माणूस येतो, खोली घेतो, बूट बाहेर काढतो, आत जातो."

"मग?" रेश्मानं विचारलं.

"मग सकाळ होते."

"आणि?"

"बूट तिथंच."

"आणि माणूस?"

"माणूस नाही. बाहेर बर्फावर पाऊल पण नाही उमटलेलं."

"अगो बाय माझे!" रेश्माचं लाटणं थांबलं. "खून!"

"थांब ना. कणीक आहे अजून."

दुसऱ्या दिवशी काय झालं? त्या बाईनं बूट पुसले आणि परत जागेवर ठेवले. तिसऱ्या दिवशी? पुसले, ठेवले. मग एक पोलीस आला. त्यानं गरम सूप प्यायलं, बुटांकडं बघितलं, आणि गेला.

"काही बोलला नाही?"

"थंडी आहे म्हणाला."

"हा पिक्चर आहे की ओली भिंत?" रेश्मा कावली. "रंग कधी सुकतो ते बघत बसायचं?"

पण सोडायलाही कुणी तयार नव्हतं. सुशीलाताई सांगायच्याच अशा, की त्या बाईचं फडकं आपल्या हातात आहे असं वाटायचं. बुटाच्या टाचेवरून ते कसं फिरतं, नाडीच्या भोकातला चिखल ती काडीनं कशी काढते. रेश्माचं मत खून. प्रेत पाहिजेच, नाहीतर पिक्चर काढला कशाला. वंदनानं दोन दिवस विचार करून सांगितलं, "पळून गेला. घरी जायचं नव्हतं त्याला." एवढंच, आणि पोळी उलटली. काकू काउंटरवरून म्हणायच्या, "माणूस आलाच नव्हता मुळी. बाई एकटी आहे ना, हे तिच्या मनाचे खेळ." मग रेश्मा विचारायची, "मग बूट काय मनाच्या पायात घालतात?" पोळ्या न्यायला येणारे एक रिटायर्ड गृहस्थ होते. ते पिशवी पुढं करून आधी विचारायचे, "आज बुटांचं काय झालं?" त्यांच्या मते तो माणूस गुप्तहेर.

मला कुणी विचारलं की मी हसून चिरायला खाली बघायची. मला वाटायचं, याचंही कुठंतरी गाईड असणार.

मग ती सकाळ. बाहेर दूधवाल्याच्या क्रेटचा आवाज, शटरखालून गार हवा येत होती. सुशीलाताई म्हणाल्या, "आज ऐका. आज कळतं."

"ती बाई पहाटे उठते. ते मोठे बूट स्वतःच्या पायात घालते आणि बर्फातून चालत सुटते. खाली तळं असतं, गोठलेलं. त्यात एक होडी अडकलेली. होडीत तो बसलाय, अनवाणी. ती काही विचारत नाही. खाली बसते आणि त्याचे पाय मांडीवर घेते. पायाला बर्फ चिकटलेलं असतं, पांढरं, बोटांच्या बेचक्यांत सुद्धा. ती चिमटीनं काढते. एकेक. काढते आणि फुंकर मारते, ते उडून जातं. सगळं काढून झालं की म्हणते, झाले साफ. जा आता."

वंदनाच्या तव्यावरची पोळी करपली. पहिल्यांदाच. काकू काउंटर सोडून दारात येऊन उभ्या होत्या.

परात संपली होती. शेवट दुसऱ्या दिवशी आला: एका सकाळी बूट नसतात. बाई त्या रिकाम्या जागेकडं बघते. हसत नाही, रडत नाही. संपलं.

मला तो होडीचा सीन दिवसभर पुरायचा. कोथिंबीर निवडताना, हिंदमाताच्या दुकानांसमोरून चालत परत येताना. तिथल्या काचेतल्या बाहुल्यांना भरजरी साड्या नेसवलेल्या असतात आणि पाय नसतात, साडीखाली नुसता दांडा. मी त्यांच्याकडं बघून म्हणायची, बाई, तुमच्या पायाचं कुणी काढायचं? आमच्याकडं आंबेनं पाय फुटले की आई कोमट पाण्यात धरायची. पाय दुसऱ्याच्या हातात देणं ही मोठी गोष्ट आहे. त्याला भीती नसावी लागते.

याच दिवसांत भाजीला मीठ नसण्याचं सुरू झालं. एकदा बटाट्याची भाजी अळणी गेली. एकदा सुशीलाताईंनी एकाच घरचा डबा दोनदा भरला. एकदा रिकाम्या कढईखाली गॅस तसाच जळत राहिला, तो मी बंद केला. काकू वाईट बाई नव्हत्या, पण गॅसला त्या घाबरायच्या. आणि मग रेश्मानं तो पिक्चर मोबाइलवर स्वतः बघितला.

"तो सीन नाहीच," ती म्हणाली. "होडी नाय, तळा नाय, काय नाय."

"तू पळवत बघितला असशील," सुशीलाताई म्हणाल्या.

"पळवलाच. नाय पळवला तर म्हातारी होईन. पण होडी काय एवढी बारीक असते?"

सुशीलाताई हसल्या. पण त्यांचे डोळे मिटले नाहीत. मी बघत होते.

त्याच दुपारी काउंटरमागं काकू हळू आवाजात रेश्माशी बोलत होत्या. मी डबे पुसत होते. माझ्यासारखीच्या समोर माणसं बिनधास्त बोलतात. "संक्रांतीपर्यंत बघू. मग सुशीलाला सांगते, आता घरी आराम कर. माझ्या आत्याचं असंच सुरू झालं होतं. आधी मीठ, मग न घडलेल्या गोष्टी सांगायची. उद्या तव्यापाशी काही झालं तर?" रेश्मा पोळ्यांची चळत उगाच परत मोजत होती. तिला हे नको होतं.

सुशीलाताईंना ते न सांगताच कळलं होतं. घरी जाताना रस्त्यात त्या म्हणाल्या, "घरी बसले ना छाये, की मी भिंतीला टेकवलेली शिडी होणार. लागली तर काढतील." थोडं पुढं जाऊन म्हणाल्या, "पण होडी मी बघितली गं. आता बघितल्यासारखी." मग माझा दंड धरला. "होती ना?"

मला काय माहीत. मी तर पिक्चर बघितलाच नव्हता.

एक दिवस काकू म्हणाल्या, रविवारी दुपारी सगळ्यांनी माझ्याकडे जेवायला या, मोठ्या टीव्हीवर तो बुटांचा पिक्चर लावू, म्हणजे काय ते एकदा कळेल. हसत म्हणाल्या. पण काय कळणार होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. श्रावणीनं नाव लिहून दिलं, काकूंच्या मुलानं लावून दिलं आणि तो बाहेर गेला.

काकूंचं घर दुकानाच्या वरच. जुन्या पद्धतीचं, उंच छताचं. आम्ही पंगतीला बसतो तशा बसून मसालेभात, मठ्ठा आणि जिलब्या खाल्ल्या. काकूंनी पडदे ओढले. दुपारचं ऊन पडद्यातून आत झिरपत होतं, खोली मधासारखी झाली होती. खाली रस्त्यावर कुणीतरी भोंग्यावर ब्लँकेटं विकत होतं, तोही आवाज मऊ वाटत होता. मग टीव्हीवर बर्फ पडायला लागलं.

ते बर्फ मी अजून विसरले नाही. आवाज नाही. पडतंय, पडतंय. लॉजचा लाकडी व्हरांडा. ती बाई. तिचा चेहरा सुशीलाताईंनी सांगितला होता त्यापेक्षा थकलेला होता आणि जास्त जवळचा वाटला. बूट. फडकं. परत बूट. काकूंच्या घड्याळाचा लंबक आणि त्या बाईचा हात, दोन्ही एकाच चालीनं. मी वळून बघितलं तर सुशीलाताईंची मान खांद्यावर गेली होती. मग वंदना, फ्रिजला टेकून. मग रेश्मा, तोंड उघडं, हातात अर्धी जिलबी. शेवटी आरामखुर्चीत काकू, चष्मा नाकावर तसाच.

सगळं घर झोपलं आणि मी एकटी जागी. मला दुपारी झोप येत नाही. दुसऱ्याच्या घरात तर मुळीच नाही. मला वाटत होतं, कुणीतरी जागं पाहिजे, दाराकडं कुणाचं तरी लक्ष पाहिजे. समोर बर्फ पडत होतं आणि बाजूला या बायकांचे श्वास, वर-खाली. पहाटेपासून दुसऱ्यांच्या घरचं जेवण करणाऱ्या बायका. क्षणभर मला कळेना की त्या पिक्चर बघताहेत की तो पिक्चर त्यांना बघतोय. ती लॉजवाली बाई मध्येच वर बघायची, थेट आमच्याकडं, आणि पुन्हा बूट पुसायला लागायची, जणू या झोपलेल्यांना उठवायचं नाही म्हणून आणखी हळू.

पोलीस आला. त्याच्या टाचांना लागलेलं बर्फ उंबऱ्यात वितळलं, पाणी झालं, आणि बाईनं ते पुसून घेतलं. मी ते पाणी बघत राहिले. होडी आली नाही. तळं आलं नाही. शेवटी रिकामी जागा आली, जिथं बूट होते तिथं लाकडाचा रंग थोडा गडद. बाई बघत राहिली. मग काळ्यावर पांढरी कोरियन अक्षरं आणि एकदम मोठा वाजा. सगळ्या दचकून उठल्या.

"संपला?" रेश्मानं जिलबी तोंडात टाकली. "म्हणजे काय झालं ते सांगितलंच नाय? तिकिटाक पैसे देऊन बघितला असता तर मी फुटले असते."

काकूंनी घसा साफ केला. "सुशीला," त्या मायेनंच म्हणाल्या, "होडी कुठे होती गं?"

सुशीलाताई पदराची कड बोटाला गुंडाळत होत्या. "होती," त्या म्हणाल्या. "मी बघितली होती." आवाज इतका लहान की तो त्यांचाच आहे असं वाटेना.

काकूंनाच ते सहन झालं नाही, म्हणून त्या विषय बदलायला म्हणाल्या, "मला मात्र तो पोस्टमनचा भाग आवडला हं. ती त्याला चहा देते आणि तो बुटांकडे बघून रडतो."

"मला मांजराचा," रेश्मा म्हणाली. "बुटात पिल्लं घालते ती."

माझ्या हातांना घाम फुटला. सातवीतला तोच घाम. काकू मालकीण. मला ठेवून घेतलं होतं ते सुशीलाताईंच्या शब्दावर, आणि तोच शब्द आता खाली पडला होता. गप्प बसले असते तर मला कुणी काही म्हटलं नसतं. शिवाय पुढचं बोलले तर चाळीतली ती कपाटाजवळची जागाही जाणार होती, हे मला ओठ उघडायच्या आधीच दिसत होतं.

"काकू," मी म्हणाले, "पोस्टमन नव्हता."

"काय?"

"पिक्चरमधी पोस्टमन नव्हता. मांजर बी नव्हतं." माझी भाषा गावाकडं पळाली होती, तिला धरायला वेळ नव्हता. "तुमी झोपला व्हता. समद्याच. मी एकटीच जागी व्हते. ताई बी झोपल्या व्हत्या, आज बी आन् पयल्यांदा मोबाइलवर बघतानी बी. त्यांना काय सुदीक झालं नाही. झोप नाही त्यांना. मी आल्यापासून त्या गॅलरीत झोपतात. रातभर माणसं ये-जा करतात तिथनं. माह्यामुळं झालंय हे."

खोलीत पंख्याचा आवाज आला. तो आधीपासून चालू असणार.

काकूंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. "पोस्टमन नव्हता?"

"नाही काकू."

"खाकी टोपी होती त्याच्या डोक्यावर," त्या हळूच म्हणाल्या. "खिशाला पेन." आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "अगं, हा तर आमच्या गल्लीतला. माझ्या लहानपणचा. आई त्याला चहा द्यायची." त्या हसायला लागल्या आणि थांबेचनात. रेश्मानं डोक्याला हात लावला. "म्हणजे आमच्या माडीवरचा मांजर कोरियाक गेला काय?" वंदना पण हसली, तोंडावर हात ठेवून. तिनं काय बघितलं ते तिनं कधीच सांगितलं नाही.

फक्त सुशीलाताई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडं बघत होत्या.

खाली उतरताना काकूंनी जिन्यातच सगळं ठरवून टाकलं. "सुशीला, उद्यापासून तू उजाडल्यावर ये, पहाटेची गडबड नको. आणि छाया, तू दुकानाच्या माळ्यावर झोपत जा. आतून कडी आहे, पंखा आहे. ह्या बाईला तिच्या जागेवर झोपू दे." मग पायरीवर थांबून म्हणाल्या, "आणि संक्रांतीचं मी काही बोलले असेन, तर ते पण झोपेतच बोलले समज."

आम्ही हिंदमातावरून चालत निघालो. रविवारची गर्दी ओसरत होती, दुकानांचे दिवे लागत होते. सुशीलाताई म्हणाल्या, "मग मी बघितलं ते काय होतं गं?"

मला कधी कुणाला प्रश्न विचारायची सवय नाही. पण ते उंबऱ्यातलं पाणी डोळ्यासमोरून जात नव्हतं. मी म्हणाले, "ताई, फुंकर मारल्यावर बर्फ उडतं का?"

त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. मागून येणाऱ्या एका बाईच्या पिशव्या त्यांना धडकल्या, तरी हलल्या नाहीत.

"कापूस," त्या म्हणाल्या. "बाबा गिरणीतून यायचे. अनवाणी असायचे तिकडं कताईच्या खात्यात. पायाला कापूस चिकटलेला, घामानं बसलेला. दारात बसून मांडीवर पाय घ्यायचे मी त्यांचा. लहान होते. चिमटीनं काढायचे आणि फुंकायचे. आई ओरडायची, घरभर उडवू नको."

मग चालायला लागल्या. चाळ जवळ आल्यावर म्हणाल्या, "बाबा गेले तेव्हा मी सासरी बाळंतीण होते. पोचले तेव्हा सगळं आवरलं होतं. पाय बघायला नाही मिळाले मला." आणि स्वतःशीच, "झाले साफ म्हणायचं राहिलं होतं ते."

त्या संध्याकाळी माझ्यातून काहीतरी उतरून गेलं. त्या पिक्चरवाल्याबद्दल, तो कोण असेल तो असो, मला फार कृतज्ञ वाटतं. त्यानं उत्तर दिलं नाही. जागा मोकळी ठेवली, दारं उघडी ठेवली, आणि त्या शांततेत परळची गिरणी, गल्लीतला पोस्टमन, लालबागची मांजर, जे ते आपापलं आत शिरलं. शाळेत जर कुणी असं विचारलं असतं की पुढं काय झालं असेल, आणि बोट न रोखता नुसतं वाट बघत थांबलं असतं, तर मी कदाचित आठवीलाही गेले असते. गेले नसते बहुतेक. शाळा लांबच होती.

सुशीलाताई अजून केंद्रात आहेत. उजाडल्यावर येतात, केस नीट विंचरलेले, झोप पूर्ण झालेली. मीठ त्याच बघतात. मी अजूनही कडी दोनदा बघते, आणि पहाटेची कणीक आता मी मळते, म्हणजे गोष्टही माझ्याकडंच आली. सुरुवातीला आवाज फुटत नव्हता. रेश्मा म्हणायची, "अगो हिंगोली, पिठाक सांगतस की आमका?"

या थंडीत वडाळ्याहून एक नवी बाई यायला लागलीय, सविता. तिला मी बुटांचा पिक्चर सांगितला. परातीमागून परात, अगदी हळू, जसा आहे तसा. आणि ती सकाळ आली तेव्हा होडीही सांगितली, तळं, मांडीवरचे पाय, चिमटी, फुंकर. झाले साफ, जा आता. सविताचं लाटणं थांबलं.

काल ती आली ती कपाळाला आठ्या घालूनच. "ताई, मी काल अख्खा बघितला. डोळ्यात तेल घालून. तो होडीचा सीन नाहीच की त्यात!"

कोपऱ्यात सुशीलाताई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण हात थांबला.

"नाहीच," मी म्हणाले. "तो बाहेर नाही मिळत. आपल्याकडंच मिळतो."

सुशीलाताई हसल्या, आणि त्यांचे डोळे मिटले.